विश्लेषण : घरच्या अ‍ॅक्वापोनिक्ससाठी कोणता मासा? आधी तो येतो कुठून आणि जाणार कुठे, ते पाहा!

गच्चीवर एक टाकी, टाकीत मासे, वर खडीच्या वाफ्यात पालक आणि पुदिना. मातीची कटकट नाही, खताचा खर्च नाही. अ‍ॅक्वापोनिक्सचे व्हिडीओ पाहिले की हे सगळे एका रविवारात उभे राहील असे वाटते. टाकी, पंप आणि पाइप खरोखरच एका रविवारात बसतात. घोळ होतो तो त्यानंतरच्या प्रश्नावर : मासा कोणता घ्यायचा? बहुतेक जण ‘सर्वांत वेगाने वाढणारा कोणता’ हे शोधतात. घरगुती टाकीसाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. मासा कुठून मिळणार, आपल्या गावच्या पाण्यात टिकणार का आणि नकोसा झाला तर कुठे जाणार, हे तीन प्रश्न आधी सोडवले तर मासा जवळपास आपोआप ठरतो.

या व्यवस्थेत माशाचे काम काय?

मासा इथे खताचा कारखाना आहे. त्याने खाल्लेल्या खाद्यातला बराचसा नायट्रोजन कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. वाफ्यातल्या खडीवर वाढणारे जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडे शोषून घेतात आणि स्वच्छ झालेले पाणी पंपाच्या मदतीने पुन्हा माशांकडे येते.

या साखळीतले अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही टप्पे माशाला घातक असतात. जीवाणूंची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी भरपूर मासे सोडले तर ते स्वतःच निर्माण केलेल्या अमोनियात मरतात. नवी टाकी लावून महिना झाला आणि रोज सकाळी एक-दोन मासे उलटे तरंगताना दिसतात, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. दोष माशाच्या जातीला दिला जातो, पण खरी चूक घाईची असते.

त्यात पाण्याच्या स्वभावाची भर पडते. अमोनिया किती विषारी ठरेल हे पीएचवर अवलंबून असते. २५ अंश तापमानाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी असते. त्यामुळे मासे विकत घेण्याआधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासण्याचे किट घ्यावे. नळाचे पाणी असेल तर त्यातले क्लोरीन माशांना आणि जीवाणूंना दोघांनाही मारते. असे पाणी आधी एक दिवस हवेचा पंप लावून उघडे ठेवावे लागते.

सगळे जण तिलापियाच का सुचवतात?

याचे उत्तर भूगोलात आहे. आधुनिक अ‍ॅक्वापोनिक्सचा पाया घालणाऱ्या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेले प्रयोग जेम्स रॅकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात केले. तिथे बारा महिने हवा उबदार असते, म्हणून त्यांनी तिलापिया वापरला आणि तो उत्तम चालला. पुढे जगभरच्या पुस्तकांतून आणि व्हिडीओंतून तोच सल्ला फिरत राहिला. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी आपल्याकडचा बारामुंडी लावला, थंड भागांत लोकांनी ट्राउट लावला. प्रत्येकाने आपल्या हवेत जगणारा आणि आपल्या भागात बीज मिळणारा मासा निवडला. उसना घ्यायचाच तर त्यांचा हा विचार घ्यावा, त्यांचा मासा नव्हे.

तिलापिया चिवट आहे, यात वाद नाही. कमी प्राणवायू, गर्दी आणि गढूळ पाणी सारे तो सोसतो. थंडी मात्र त्याला सोसत नाही. पाणी १६-१७ अंशांपर्यंत उतरले की नाईल तिलापिया खाणे सोडतो आणि ११-१२ अंशांच्या खाली तो मरू लागतो. निफाडकडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो हे नाशिककरांना सांगायला नको. जमिनीतल्या मोठ्या तळ्याचे पाणी रात्रीत फारसे गार होत नाही. गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीला हे संरक्षण नसते.

महाराष्ट्रात तिलापियाचा अनुभव काय?

तिलापिया म्हणजे आपली चिलापी. उजनीच्या जलाशयाकाठी हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण. पण ही चिलापी मूळची इथली नाही. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. त्याचा उपद्रव लक्षात आल्यावर १९५९ मध्ये देशाच्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तोपर्यंत उशीर झाला होता. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, मासा काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो आणि वर्षातून अनेकदा वीण होते. त्यामुळे ज्या पाण्यात तो शिरला तिथून त्याला काढणे अशक्य झाले.

आज गिफ्ट जातीच्या आणि केवळ नर असलेल्या तिलापियाच्या संवर्धनाला देशात परवानगी आहे, पण ती अटींसह. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करावी लागते, बीज अधिकृत केंद्राकडूनच घ्यावे लागते आणि मासा बाहेर निसटू नये यासाठी जाळ्या व इतर व्यवस्था ठेवाव्या लागतात. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने विजयवाड्याजवळ गिफ्ट तिलापियाचे बीज केंद्र उभारले आहे. कोणी ऑनलाइन जाहिरात देऊन ‘गिफ्ट तिलापिया, घरपोच’ म्हणत असेल तर ते बीज नेमके कुठल्या केंद्राचे, याचा कागद मागावा. कागद नसेल तर त्या पिशवीत नर-मादी मिश्र चिलापी असण्याची शक्यता धरून चालावे. अशी मिश्र वीण टाकीत सोडली की काही महिन्यांत टाकी बोटभर लांबीच्या पिलांनी भरते. मग ना मासा मोठा होतो, ना पाणी टिकते.

थोडक्यात, नोंदणी, कागदपत्रे आणि उबदार पाणी या तिन्हींची सोय असेल तरच तिलापियाचा विचार करावा. गच्चीवरच्या पहिल्या टाकीसाठी तो योग्य नाही.

कोणत्या माशांवर थेट फुली मारावी?

पहिला थाई मागूर. हा आफ्रिकी मांसाहारी मासा देशी मासे फस्त करतो म्हणून भारतात त्याच्या संवर्धनावर २००० साली बंदी आली. तरीही तो चोरून विकला जातो आणि पुष्कळदा ‘देशी मागूर’ या नावाने. मोठ्या माशाच्या डोक्यामागच्या हाडाच्या आकारावरून जाणकार फरक ओळखतात, पण बोटुकली एवढ्या पिलांत तो ओळखणे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे सरकारी किंवा संशोधन संस्थेच्या केंद्रातून मिळत नसेल तर मागूर हे नावच यादीतून काढावे.

दुसरे पंगास आणि रूपचंद. दोन्ही मासळी बाजारात सहज दिसतात, दोन्ही परदेशी आहेत आणि दोन्ही मोठे होतात. पंगास बुजरा असतो. सावली पडली तरी तो टाकीच्या भिंतीवर धडका मारतो आणि थंडीही त्याला सोसत नाही.

तिसरा कटला. तो आपल्या ओळखीचा आणि चवीचा, पण पृष्ठभागावरचे सूक्ष्म प्राणी-वनस्पती खाऊन मोठ्या तळ्यात वाढणारा मासा आहे. गाळलेल्या पाण्याच्या छोट्या टाकीत त्याची वाढ खुंटते. रोहू पेलेटवर जगतो, पण तळ्यातल्यासारखा वर्षाला किलोभर होईल ही अपेक्षा पाचशे लिटरच्या टाकीकडून ठेवू नये. तो उड्याही मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच.

चौथा सकर मासा. टाकीची काच साफ करतो म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात तो हमखास गळ्यात मारला जातो. लोकांनी सोडून दिलेले असे सकर मासे आज उजनीपासून शहरी तलावांपर्यंत सापडतात आणि मच्छीमारांची जाळी त्यांच्या काटेरी अंगात अडकून फाटतात.

मग घ्यायचा कोणता?

मासे खायचे नसतील, घर शाकाहारी असेल किंवा हा पहिलाच प्रयोग असेल, तर गोल्डफिश किंवा कोई कार्प घ्यावा. कोई म्हणजे तळ्यांत पाळल्या जाणाऱ्या सायप्रिनसचाच रंगीत अवतार. दोन्ही माशांना थंडी चालते, पेलेट चालतात आणि ते भरपूर खाऊन भरपूर खत देतात. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांतला हिवाळा त्यांना सहज सोसतो. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उन्हाळ्याचा येतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची भूक वाढते. तिथे टाकीवर शेडनेट, फिकट रंगाची टाकी आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा एअर पंप या तीन गोष्टी माशाच्या जातीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

मासे खायचे असतील तर देशी, हवेत श्वास घेणाऱ्या माशांकडे वळावे. त्यात शिंगी आणि मरळ ही दोन नावे पुढे येतात. हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. त्यामुळे तासभर वीज गेली म्हणून सगळी टाकी मरत नाही. भारनियमन असलेल्या गावात हा गुण वाढीच्या वेगापेक्षा मोलाचा आहे. मात्र पंप बंद राहिला तर खडीवरचे जीवाणू गुदमरतात आणि अमोनिया साचतोच. म्हणून ‘हवा घेणारा मासा, आता पंप नको’ असा अर्थ कोणी काढू नये.

दोन्ही माशांच्या आपापल्या अडचणी आहेत. शिंगीचा काटा लागला तर तीव्र वेदना होतात. घरात लहान मुले टाकीत हात घालत असतील तर तिचा विचार सोडावा. मरळीला बाजारात चांगला भाव आहे, पण ती मांसाहारी असते आणि लहान वयात एकमेकांना खाते. पिले सारख्या आकाराची असावी लागतात, वाढीप्रमाणे वेगळी करावी लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पेलेट खायला आधीच शिकलेली असावी लागतात. ओढ्यातून पकडून आणलेली मरळीची पिले पेलेटकडे पाहतही नाहीत आणि उपाशी मरतात. शिवाय मरळ आणि शिंगी पावसात टाकीबाहेर सरपटत जातात, त्यामुळे घट्ट जाळी हवी.

कोकणासाठी एक घरचे उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातल्या खारपाट्यात खाडीतून जिताड्याची पिले आणून गावतळ्यांत आणि घराजवळच्या तळ्यांत वाढवण्याची जुनी पद्धत आहे. पाहुणा आला की तळ्यातला जिताडा काढायचा, हा तिथला मान. ज्याला ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात तोच हा मासा. खाऱ्या पाण्यात जन्मणारा, पण गोड्या पाण्यात वाढणारा. खारपाट्यातल्या लोकांनी जवळ बीज मिळणारा, तिथल्या उबदार पाण्यात वाढणारा आणि शेवटी ताटात जाणारा मासा निवडला. घरगुती टाकीसाठीही निकष हेच. जिताडा मांसाहारी असल्याने त्याला प्रथिनयुक्त महाग खाद्य लागते आणि पिलांची आकारानुसार वारंवार विभागणी करावी लागते. त्यामुळे एक-दोन वर्षे टाकी सांभाळलेल्यांनीच त्याच्याकडे वळावे. गोड्या पाण्याला सरावलेले केंद्रातले बीज मिळत असेल तरच.

किती मासे सोडायचे?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवरील पुस्तिकेत हजार लिटर पाण्यामागे जास्तीत जास्त २० किलो मासे ही मर्यादा सुचवली आहे. पालेभाज्यांसाठी एक चौरस मीटर वाफ्यामागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे गणित दिले आहे. म्हणजे पाचशे लिटरच्या टाकीत पूर्ण वाढीनंतर १० किलो, अर्ध्या किलोचे २० मासे. ते रोज वजनाच्या दीड टक्का खातात असे धरले तर १५० ग्रॅम खाद्य आणि त्यावर साधारण तीन चौरस मीटर पालेभाजी. नवख्याने याच्या निम्म्यावर थांबावे. पाचशे लिटरला दहा मासे पुरेत.

इथे एक सापळा आहे. दहा ग्रॅमच्या वीस बोटुकल्या सोडल्या तर त्यांचे एकूण वजन २०० ग्रॅम. त्या वजनाच्या पाच टक्के खाल्ले तरी रोजचे खाद्य १० ग्रॅम. एवढ्यावर पाव चौरस मीटर भाजीही नीट पोसत नाही. साहजिकच पहिले दोन महिने पाने पिवळी राहतात. मग ‘मासे कमी पडताहेत’ असे वाटून आणखी तीस-चाळीस पिले आणली जातात. सहा महिन्यांनी हे सगळे मोठे होतात आणि एका उकाड्याच्या रात्री टाकी कोसळते. सुरुवातीला मासे वाढवण्याऐवजी वाफा छोटा ठेवावा आणि मासे वाढतील तसा तो वाढवावा.

वजनाचाही विचार हवा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. त्यात खडीचा वाफा वेगळा. जुन्या इमारतीच्या गच्चीवर टाकी ठेवण्याआधी स्ट्रक्चरल अभियंत्याला विचारणे आणि सोसायटीची लेखी परवानगी घेणे हे मासे निवडण्याच्याही आधीचे काम आहे.

बीज कुठे आणि कधी मिळते?

सुरुवात जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयापासून करावी. आपल्या भागात कोणते मत्स्यबीज केंद्र चालू आहे, कोणत्या जातीचे बीज केव्हा निघते आणि कोणता खासगी उत्पादक नोंदणीकृत आहे, ही माहिती तिथे मिळू शकते. काही कृषी विज्ञान केंद्रांतही मार्गदर्शन मिळते.

रोहू-कटलासारख्या माशांची वीण पावसाळ्यात होते. मत्स्यजिरे जुलैच्या आसपास निघतात आणि हाताळण्याजोग्या बोटुकल्या त्यानंतर. डिसेंबरात ‘ताजे बीज’ म्हणून कोणी विकत असेल तर ते कुठून आले हे विचारावे. याचा व्यावहारिक अर्थ असा की टाकी आणि वाफा मे-जूनमध्ये सुरू करून जीवाणू तयार होऊ द्यावेत आणि मासे पावसाळा सरताना आणावेत. नोव्हेंबरात उत्साह आला म्हणून नोव्हेंबरातच मासे आणू नयेत.

खरी अडचण संख्येची आहे. केंद्रांचा व्यवहार हजारांत चालतो आणि घराला हवे असतात दहा-वीस मासे. यावर सोपा उपाय म्हणजे शेततळ्यात मत्स्यपालन करणारा जवळचा शेतकरी. तो केंद्रातून बीज आणतो आणि बोटभर होईपर्यंत वाढवतो. त्याच्याकडून तीन-चार इंचांच्या मोजक्या बोटुकल्या घेतल्या तर किंमत थोडी जास्त पडते, पण पिले पेलेटला आणि तिथल्या पाण्याला सरावलेली असतात. शहरात तीन-चार कुटुंबांनी मिळूनही मागणी नोंदवता येते.

गोल्डफिश किंवा कोई घ्यायचे तर मत्स्यालयाची दुकाने आहेतच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्लीपासून तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एका दुकानापर्यंत ते मिळतात. एक नियम मात्र पक्का ठेवावा. शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेला मासा ताटात घेऊ नये. त्या व्यवसायात वापरली जाणारी औषधे आणि रंग खाण्याच्या माशासाठी नसतात.

खरेदीच्या वेळी काय पाहावे?

विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात. बीज कोणत्या केंद्राचे? आणून किती दिवस झाले? खायला काय देता? औषध कोणते दिले? नीट उत्तर देणारा विक्रेता शंभर रुपये जास्त घेत असेल तरी तो स्वस्त पडतो. मग मासे पाहावेत. ते एकत्र पोहत आहेत का, खाद्य टाकल्यावर झेपावतात का, पंख मिटलेले आहेत का, अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी किंवा लाल चट्टे आहेत का. ज्या टाकीत मेलेला मासा तरंगतो आहे त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये, तो कितीही तरतरीत दिसला तरी.

प्रवासासाठी प्राणवायू भरलेली पिशवी घ्यावी आणि आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवायला सांगावे. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे तापमान सारखे होते. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यामुळे पीएच खाली राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया अचानक विषारी होतो. म्हणून पिशवी उघडल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नये. थोडे पाणी मिसळावे आणि मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

ही टाकीही मुख्य टाकी नसावी. नव्या माशांना दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये एअर पंप लावून, पाणी वरचेवर बदलत ठेवावे. याला कारण आहे. अ‍ॅक्वापोनिक्सच्या मुख्य पाण्यात औषध घालता येत नाही. जंतूंवरचे औषध खडीवरचे उपयुक्त जीवाणूही मारते, तांबेयुक्त औषध भाजीत उतरते आणि मीठ झाडांना चालत नाही. वेगळ्या टबमध्ये मात्र लिटरला एक ते तीन ग्रॅम साधे मीठ घालून अनेक किरकोळ तक्रारी आटोक्यात आणता येतात. शेतात नवी गाय आणली की ती थेट गोठ्यात बांधत नाहीत, तोच हा न्याय.

मासे नकोसे झाले तर?

हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायचा असतो, कारण टाकी बंद पडणे ही अपवादाची गोष्ट नाही. बदली होते, घर बदलते, हौस ओसरते. मग कोणीतरी ‘जीवदान देऊ’ म्हणून बादली घेऊन नदीवर किंवा तलावावर जातो. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. सकर माशांच्या बाबतीत हे डोळ्यांसमोर घडले आहे. कोई आणि गोल्डफिशही परदेशीच आहेत. मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले रोहू-कटलाही दख्खनच्या जलाशयांत माणसानेच सोडलेले आहेत. नदीत काय सोडायचे हा निर्णय एका बादलीचा मालक घेऊ शकत नाही. आजारी मासा देशी असला तरी तो नदीतल्या निरोगी माशांना रोग देतो.

निसटण्याची दुसरी वाट अधिक नकळत असते. पावसाळ्यात टाकी ओसंडते, पाणी गच्चीच्या पन्हळीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. त्या पाण्याबरोबर पिलेही जातात. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला बारीक जाळी बसवणे आणि टाकीवर छत घालणे यांचा खर्च किरकोळ आहे. पण ही जाळी किती व्हिडीओंमध्ये दिसते?

म्हणून मासे आणण्याआधी त्यांना पुढे घेणारा माणूस ठरवून ठेवावा : दुसरा हौशी, दुकानदार, शेततळेवाला किंवा स्वतःचे स्वयंपाकघर. तिलापिया, थाई मागूर आणि सकर या तिन्हींना बाद करायला हा एकच निकष पुरतो. उलट देशी शिंगी किंवा मरळ खाऊन संपते आणि कोई दहा-पंधरा वर्षे घरातलाच सदस्य होऊन राहतो. पहिल्या वर्षी मोजके कोई किंवा गोल्डफिश, पाण्याची चाचणी हाताच्या बोटांवर बसली की दुसऱ्या वर्षी स्वतंत्र टाकीत जवळच्या केंद्रातला देशी मासा, हा क्रम संथ वाटेल. पण गच्चीवरच्या टाकीत चूक झाली तर पन्नास मासे मरतात, तीच चूक नाल्यात उतरली तर पुढची पिढी ती निस्तरत बसते. चिलापीला उजनीतून परत पाठवणे कुणालाही जमलेले नाही.